बोटी येतात, वाट कोण दाखवणार?

कोल्हापूरच्या राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा ३९ फुटांवर गेली की इशारा पातळी, ४३ फुटांवर गेली की धोका पातळी. मधले चार फूट म्हणजे प्रशासनाच्या हातातला वेळ. राधानगरीचे स्वयंचलित दरवाजे उघडलेले असले आणि गगनबावड्याकडे पाऊस थांबायचं नाव घेत नसला, की हा वेळ भराभर संपतो. लष्कराला बोलवायचं का, किती माणसं मागायची, ती कुठून येणार, कुठे उतरणार, हे सगळं या चार फुटांत ठरायला हवं. प्रत्यक्षात ते ठरतं पाणी उंबरा ओलांडून आत आल्यावर. ऑगस्ट २०१९ मध्ये याच बंधाऱ्यावर पाणी ५५ फुटांच्या पुढे गेलं, सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णा ५७ फुटांवर पोचली आणि शिरोलीजवळ पुणे-बंगळूर महामार्ग कित्येक दिवस पाण्याखाली राहिला. मदत ज्या रस्त्याने यायची तोच रस्ता बंद.

त्या पुरानंतर, आणि २०२१ च्या चिपळूण-महाडनंतर पुन्हा, चर्चा झाली ती बोटींची. किती घेतल्या, कुठल्या तालुक्याला किती दिल्या, लाइफ जॅकेटं किती. बोटी लागतातच, त्याबद्दल वाद नाही. पण माझ्या मते पूरप्रवण जिल्ह्याला आज त्याहून मोठी उणीव आहे ती लष्कर आणि महसूल खातं या दोघांचीही भाषा कळणाऱ्या, त्याच जिल्ह्यात घरदार असलेल्या दहा-बारा राखीव सैनिकांची. ही तुकडी प्रादेशिक सेनेतून, म्हणजे एरवी आपापला कामधंदा करणाऱ्या आणि बोलावल्यावर हजर होणाऱ्या लष्कराच्या राखीव दलातून, उभी करता येईल. तिने स्वतः कुणाला पाण्यातून काढायचं नाही. जिल्हाधिकाऱ्यांच्या नियंत्रण कक्षात बसून, काढायला येणाऱ्यांचे पहिले चोवीस तास वाचवायचे.

आधी बोटीचा हिशोब करू. रबरी बोटीत चालक आणि मदतनीस सोडून आठ माणसं बसवली तर ती भरली. गावापासून कोरड्या जागेपर्यंत दीडेक किलोमीटर अंतर धरलं, तर माणसं चढवणं, वाहत्या पाण्यातून जपून जाणं, उतरवणं आणि परत येणं मिळून चाळीस मिनिटं सहज जातात. उजेडाचे दहा तास मिळाले तर एका बोटीच्या पंधरा फेऱ्या, म्हणजे १२० माणसं. तीन हजार वस्तीचं गाव रिकामं करायला एका बोटीला पंचवीस दिवस लागतील, पाच बोटींना पाच. त्यात एखादी बोट बंद पडते, एखाद्या म्हातारीला पाठीवर घेऊन जिना उतरायला अर्धा तास जातो, आणि म्हशी सोडून यायला माणूस तयार नसतो. २०१९ मध्ये अनेकांनी ‘२००५ ला आमच्या दारात पाणी आलं नव्हतं’ या भरवशावर घर सोडलं नाही. बुडालेलं गाव बोटीने रिकामं होत नाही, ते ट्रॅक्टरने आणि एसटीने आदल्या दिवशी रिकामं करावं लागतं. बोट उरतात त्यांच्यासाठी. आणि उरलेले जास्त, बोट एकच, असं झालं की काय घडतं ते पलूस तालुक्यातल्या ब्रह्मनाळने ८ ऑगस्ट २०१९ ला पाहिलं. गावातल्याच बोटीत क्षमतेपेक्षा जास्त माणसं चढली, बोट उलटली आणि डझनाहून अधिक जीव गेले.

आता बाहेरून तुकडी येते तेव्हा काय होतं ते बघा. राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची आपल्या भागातली बटालियन पुण्याजवळ सुदुंबऱ्याला आहे, राज्याच्या दलाच्या कंपन्या धुळे आणि नागपूरला. लष्कराचे कॉलम, म्हणजे मदतीच्या तुकड्या, पुण्याहून येतात, बेळगावहून येतात, जिथून हलवता येतील तिथून येतात. शिस्तीची, तयारीची माणसं. पण त्यांना शिरोळ तालुका माहीत नाही. कृष्णा-पंचगंगेच्या संगमाभोवती पाणी कुठल्या ओढ्याने आधी शिरतं, कुठला रस्ता एका बाजूने तुटतो आणि दुसरीकडून चालू राहतो, हे नकाशावर नसतं. करवीर तालुक्यात प्रयाग चिखली आहे आणि कागल तालुक्यातही चिखली आहे. नुसतं ‘चिखलीला बोट पाठवा’ असा निरोप गेला तर बोट कुठल्याही चिखलीला जाऊ शकते.

अक्षांश-रेखांश दिले की प्रश्न सुटतो असं वाटतं. तिथेही गोची आहे. मोबाइल दशांशात आकडा दाखवतो, लष्करी नकाशा वाचणारा अंश-मिनिटांत ऐकतो. वायरलेसवर कुणी ‘सोळा बेचाळीस’ म्हणालं तर ते १६.४२ अंश की १६ अंश ४२ मिनिटं? कोल्हापूर शहर आहे १६ अंश ४२ मिनिटांच्या आसपास, म्हणजे दशांशात १६.७०. दोन्हींत फरक पाव अंशाहून थोडा जास्त, जमिनीवर सुमारे एकतीस किलोमीटर. कागदावरच्या एका टिंबामुळे हेलिकॉप्टर दुसऱ्याच तालुक्यावर घिरट्या घालेल.

मग इंधन. बोटीला मागे लावायचं इंजिन, ज्याला फौजेत सगळे ओबीएम म्हणतात, पुष्कळदा टू-स्ट्रोक असतं. त्याला नुसतं पेट्रोल चालत नाही. पन्नासास एक प्रमाण असेल तर वीस लिटर पेट्रोलला ४०० मिलिलिटर ऑइल मिसळावं लागतं. घाईत कुणी साधं पेट्रोल ओतलं की इंजिन जाम. चाळीस अश्वशक्तीचं इंजिन पूर्ण जोरात चाललं तर तासाला पंधरा लिटरच्या पुढे पितं. पाच बोटी दिवसभर चालवायच्या तर पाचेकशे लिटरची सोय हवी. पंप पाण्यात गेलेले, उरलेल्या पंपावर कॅनमध्ये पेट्रोल द्यायला मालक तयार नाही, कारण तसा लेखी आदेश त्याच्याकडे नाही. हा आदेश एका सहीचा आहे आणि तो जूनमध्येच काढून ठेवता येतो. पण ऑइलचं प्रमाण आणि कॅनचा नियम या दोन्ही गोष्टी एकाच माणसाला माहीत असाव्या लागतात, आणि तो माणूस नियंत्रण कक्षात बसलेला नसतो.

पाण्याखाली काय आहे हा आणखी वेगळा विषय. दहा फुटी ऊस पाण्याखाली गेला की वरून तळ्यासारखं सपाट दिसतं. खाली काटेरी कुंपण, द्राक्षबागेचे लोखंडी अँगल आणि ताणलेल्या तारा. रबरी बोटीचा तळ त्यावर फाटतो. जलपर्णी आणि उसाचा पाला पंख्यात गुंतला की इंजिन बंद आणि बोट प्रवाहाच्या हवाली. वर विजेच्या तारा, ज्या एरवी उंच असतात पण पाणी पंधरा फूट चढल्यावर डोक्याला लागतील इतक्या खाली येतात. फीडर, म्हणजे त्या भागाला वीज देणारी वाहिनी, बंद आहे का, हे महावितरणच्या कुणाला विचारायचं आणि उत्तर बोटीवर कसं पोचवायचं? गावचा नावाडी किंवा मासेमारी करणारा माणूस बोटीत पुढे बसवला तर यातली बहुतेक संकटं टळतात. तो कोण, त्याचा नंबर काय, त्याला नदीकाठी कोण आणून सोडणार, याची यादी पावसाआधी हवी.

ही सगळी कामं कुणाची? जिल्ह्यात निवासी उपजिल्हाधिकारी आहेत, जिल्हा आपत्ती व्यवस्थापन अधिकारी आहेत, तहसीलदार, तलाठी, पोलीस पाटील आहेत. आपत्ती व्यवस्थापन कायदा २००५ प्रमाणे जिल्हा प्राधिकरणाचे अध्यक्ष जिल्हाधिकारी. ही माणसं राबतात, पुरात चार-चार रात्री झोपत नाहीत. पण जिल्हाधिकारी दोन-तीन वर्षांत बदलतात, प्रांत बदलतात, तहसीलदार बदलतात. २०१९ चा पूर ज्यांनी हाताळला त्यांपैकी किती जण २०२१ ला त्याच खुर्चीवर होते? लष्कराकडेही तेच: ज्या मेजरने मागच्या पुरात हा तालुका पायाखाली घातला तो आज लडाखमध्ये असेल. दोन्ही बाजूंची आठवण दर दोन वर्षांनी कोरी होते. जिल्ह्यातच राहणारा राखीव सैनिक मात्र कुठे बदलून जात नाही. या एका कारणासाठीसुद्धा ही तुकडी उभी करावी असं मला वाटतं. बाकीचे फायदे त्यावर व्याज.

हे काही हवेतलं बोलणं नाही. जर्मनीत चारशेच्या आसपास जिल्हे आणि जिल्ह्याचा दर्जा असलेली शहरं आहेत, आणि त्या प्रत्येकासाठी लष्कराची जिल्हा संपर्क तुकडी आहे. साधारण बारा जण, सगळे राखीव, प्रमुख राखीव दलातला लेफ्टनंट कर्नल. एरवी कुणी शिक्षक, कुणी अभियंता, कुणी कारखान्यात. त्यांच्या हाताखाली एकही पलटण नाही, बोट नाही, ट्रक नाही. काम एकच: जिल्हा प्रशासनाच्या शेजारी बसायचं, लष्कर काय देऊ शकतं आणि काय देऊ शकत नाही ते सांगायचं, मागणी नीट शब्दांत लिहून घ्यायची, आलेल्या तुकडीला वाट दाखवायची. तिथल्या राज्यघटनेच्या ३५व्या कलमानुसार लष्कराने मुलकी प्रशासनाला मदत करायची ती विनंतीवरून आणि अपवाद म्हणून. त्यामुळे विनंती कशी लिहायची याला महत्त्व.

अमेरिकेतही आपत्कालीन संपर्क अधिकारी म्हणून राखीव दलांतले वरिष्ठ अधिकारी संघीय आपत्ती संस्थेच्या दहाही विभागांशी आणि राज्यांशी जोडलेले असतात. राज्यांच्या हाताखालचं नॅशनल गार्ड वेगळं. तिथे एक शिकवण पक्की बिंबवलेली आहे: वस्तू मागू नका, काम सांगा. ‘पाच बोटी द्या’ असं मागितलं की पाच बोटी मिळतात, मग त्या तिथल्या प्रवाहात चालोत वा न चालोत. ‘उद्या संध्याकाळपर्यंत या तीन वाड्यांतली सहाशे माणसं आणि दोन डायलिसिसचे रुग्ण बाहेर काढायचे आहेत, पाण्याला ओढ जोराची आहे’ असं सांगितलं तर लष्कर स्वतःच ठरवतं की बोट, हेलिकॉप्टर की उंच चाकांचा ट्रक. आपल्याकडची मागणीपत्रं वाचली तर बहुतेक पहिल्या प्रकारची निघतील.

गंमत अशी की कायद्याच्या बाबतीत आपण मागे नाही. नैसर्गिक आपत्तीत संघीय राखीव दलातल्या सैनिकांना, राज्यपालांनी मदत मागितली तर १२० दिवसांपर्यंत कामावर बोलावता येईल, ही तरतूद अमेरिकेने ३१ डिसेंबर २०११ ला सही झालेल्या कायद्यात आणली, आणि पुढच्याच वर्षी सँडी वादळात राखीव दलाची पंप पथकं न्यूयॉर्ककडे पाणी उपसायला गेली. आपला प्रादेशिक सेना अधिनियम १९४८ चा. त्याच्या सातव्या कलमात मुलकी सत्तेच्या साह्यासाठी बोलावणं हा सेवेचा एक प्रकार पहिल्यापासून आहे. बोलावलेल्या माणसाला परत आल्यावर मालकाने नोकरीवर घ्यायचं, हेही ७-अ कलमात आहे. ९ ऑक्टोबर १९४९ ला राजगोपालाचारींच्या हस्ते या सेनेचं उद्घाटन झालं. नैसर्गिक आपत्तीत मुलकी प्रशासनाला मदत आणि अत्यावश्यक सेवा चालू ठेवणं हा तिच्या अधिकृत कामाचा भाग आहे.

व्यवहारात मात्र प्रादेशिक सेना म्हटलं की आपल्याला धोनीचा मानद हुद्दा आठवतो. आणि सरकारला आठवते सीमा. मे २०२५ मध्ये संरक्षण मंत्रालयाने लष्करप्रमुखांना प्रादेशिक सेना बोलावण्याचे अधिकार दिले, त्यात ३२ पायदळ बटालियनपैकी १४ तैनात करण्याची तरतूद होती. युद्धाच्या सावटाखाली ते योग्यच. पण कोल्हापूरच्या टेंबलाई टेकडीवर १०९ पायदळ बटालियन, मराठा लाइट इन्फंट्री, प्रादेशिक सेना अशी पाटी असली म्हणून पुराच्या दिवशी ती माणसं तिथे असतीलच असं नाही. बटालियन ही लढायची गोष्ट आहे. ती कुठेही पाठवली जाऊ शकते. म्हणून जिल्ह्याची संपर्क तुकडी बटालियनपासून वेगळी हवी, आणि तिच्यातली माणसं चाळिशीच्या आसपासची माजी सैनिक असावीत.

याचा नमुनाही आपल्याकडेच आहे. प्रादेशिक सेनेच्या पर्यावरण बटालियनमध्ये माजी सैनिक झाडं लावतात. पहिली १९८२ मध्ये गढवालात उभी राहिली, आणि मराठवाड्यात महार रेजिमेंटशी जोडलेली १३६ बटालियन २०१७ पासून आहे. माणसं माजी सैनिक, शिस्त लष्कराची, काम मुलकी. हेच गणित पुराला लावायचं. प्रत्येक जिल्ह्यात सैनिक कल्याण कार्यालय आहे, माजी सैनिकांची नोंद तिथे आहे. अग्निवीरांच्या पहिल्या तुकड्यांची चार वर्षं २०२६ च्या अखेरीपासून संपत जातात. जास्तीत जास्त पंचवीस टक्के फौजेत राहतील, बाकीचे घरी येतील. त्यांतले काही दुसऱ्या फळीसाठी घेता येतील. पहिल्या फळीसाठी नको, कारण तिथे तलाठ्याशी, सरपंचाशी आणि कर्नलशी एकाच सुरात बोलू शकणारा, जरा केस पिकलेला सुभेदारच कामाचा.

बारा जण का? कारण नियंत्रण कक्ष चोवीस तास चालतो. बारा-बारा तासांच्या दोन पाळ्या धरल्या तर एका पाळीत सहा. एक अधिकारी जिल्हाधिकाऱ्यांजवळ. एक सॅपर, म्हणजे इंजिनिअर्सचा माणूस, ज्याला बोट, पूल आणि वजन यांचा अंदाज आहे. एक सिग्नलचा, एक वैद्यकीय, आणि दोघं रस्त्यावर, येणाऱ्या कॉलमला जिल्ह्याच्या हद्दीवर भेटून नदीकाठापर्यंत नेणारे.

सॅपरबद्दल थोडं जास्त लिहायला हवं. ३० जुलै २०२४ ला वायनाडमध्ये दरड कोसळली, तेव्हा मद्रास इंजिनिअर ग्रुपने चूरलमला इथे १९० फुटांचा बेली पूल, म्हणजे तयार लोखंडी भाग जागेवर जोडून बांधायचा पूल, दोन दिवसांच्या आत उभा केला. त्याचं कौतुक देशभर झालं. बेली पुलाचा एक पॅनल दहा फूट लांब आणि अडीचशे किलोहून जड असतो, उचलायला सहा जण लागतात. १९० फूट म्हणजे असे एकोणीस टप्पे. हे सामान काही दिल्लीहून विमानाने कन्नूरला आणि काही बंगळूरहून रस्त्याने आलं. पूल एका काठावर जोडून समोर ढकलत नेतात, त्यामुळे अलीकडच्या काठाला लांबच लांब सपाट जागा लागते. कोकणातल्या घाटात किंवा सावित्रीच्या काठी अशी जागा कुठे आहे, तिथपर्यंत सामान भरलेला ट्रक जाईल का, वाटेतल्या मोऱ्या ते वजन पेलतील का, हे आधी मोजून ठेवलं तर तेवढे तास वाचतात. तीच गोष्ट हेलिपॅडची. शाळेचं मैदान नकाशावर मोकळं दिसतं. शेजारच्या गोठ्याचे सुटे पत्रे पंख्याच्या वाऱ्याने उडून माणसं कापू शकतात, हे जागेवर जाऊनच कळतं.

वर्षाला तीस दिवसांचं काम पुरेल. मे महिन्यात आठवडाभर तालुक्यातल्या नदीकाठच्या उतरण्याच्या जागा, तारा, मोऱ्या, पंप, हेलिपॅड तपासायचे आणि माहिती अद्ययावत करायची. जूनच्या सुरुवातीला लष्कराच्या जवळच्या ठाण्याबरोबर दोन दिवसांची तालीम, त्यात किमान एक रात्र अंधारात. उरलेले दिवस प्रत्यक्ष पुरासाठी राखीव. हवामान खात्याचा रेड अलर्ट आला किंवा नदी इशारा पातळीला पोचली की तुकडी आपोआप हजर, वेगळ्या आदेशाची वाट न पाहता. ही शेवटची अट सगळ्यांत महत्त्वाची आहे, आणि मंत्रालयात ती सगळ्यांत आधी कापली जाईल.

आक्षेप बरेच आहेत, काही खरे आहेत. पहिला, माणूस दोनदा मोजला जाण्याचा. नगरपालिकेच्या अग्निशमन दलात, १०८ रुग्णवाहिकेवर, महावितरणमध्ये माजी सैनिक बरेच असतात. त्यांनाच राखीव तुकडीत घेतलं तर पुराच्या दिवशी एका खुर्चीवरून उठवून दुसरीवर बसवल्यासारखं होईल. म्हणून अशा नोकऱ्यांतली माणसं घ्यायचीच नाहीत. शिक्षक, बँक कर्मचारी, शेतकरी, साखर कारखान्यातले लोक घ्यावेत, कारण पावसाळ्यात गाळप बंद असतं.

दुसरा आक्षेप असा की एकदा लष्कराची सोय झाली की राज्य आपलं दल वाढवणार नाही. हा धोका मला खरा वाटतो. आपत्ती व्यवस्थापन कायद्यात २०२५ च्या दुरुस्तीने राज्यांच्या दलाची तरतूद आली आहे, ती आधी पुरी व्हावी. आपदा मित्र योजनेत स्वयंसेवक तयार झाले, त्यांना दरवर्षी उजळणी मिळावी. संपर्क तुकडी या कशाचीही जागा घेत नाही. कायदा-सुव्यवस्थेच्या कामापासून तर तिला कटाक्षाने लांब ठेवायला हवं. जमाव पांगवण्यासाठी लष्कराची मदत घेण्याची तरतूद नागरिक सुरक्षा संहितेत स्वतंत्र आहे. पुराची तुकडी त्या कागदावर चुकूनही येऊ नये.

पैशाचंही बोलावं. लष्कराची मदत फुकट नसते, नंतर बिल येतं. वायनाडसह आधीच्या आपत्तींतल्या हवाई मदतीपोटी केरळकडे सुमारे १३२ कोटी रुपये मागितले गेले, त्यावर २०२४ च्या अखेरीस बराच गदारोळ झाला. कुठलं उड्डाण कुणाच्या मागणीवरून, किती वाजता, कशासाठी झालं, याची जागेवर नोंद ठेवणारा माणूस असेल तर अशा वादात निदान कागद तरी हातात असतो.

आणि एक मर्यादा जर्मनीनेच दाखवून दिली. १४ जुलै २०२१ च्या रात्री आर नदीला पूर आला. जिल्ह्यात संपर्क तुकडी होती, कायदा होता, यंत्रणा होती. पण नदीकाठच्या लोकांना घरं सोडायला सांगणारा इशारा जिल्हा प्रशासनाने दिला तो रात्री अकराच्या सुमारास, वरच्या गावांत पाणी कधीच शिरल्यावर. त्या एका खोऱ्यात १३० हून अधिक माणसं गेली. लष्कराने दोन दिवसांनी आपत्तीचा इशारा जाहीर करून हाताखालच्या अधिकाऱ्यांना मोकळीक दिली, रणगाडे ओढणारी वाहनं चिखल उपसायला आली. गेलेली रात्र त्याने परत मिळाली नाही.

म्हणून तुकडीच्या कामात एक वही असावी. सल्ला किती वाजता दिला, त्या क्षणी बंधाऱ्यावर किती फूट पाणी होतं, गाव खाली करण्याचा आदेश किती वाजता निघाला, पहिली एसटी गावात किती वाजता पोचली. चारच रकाने. ऑक्टोबरमध्ये ही वही जिल्हा नियोजन समितीच्या बैठकीत ठेवावी आणि जिल्ह्याच्या संकेतस्थळावर टाकावी. सुरुवातीला कोल्हापूर, सांगली, सातारा, रायगड आणि रत्नागिरी या पाच जिल्ह्यांत करून बघता येईल. एकूण साठ माणसं लागतील.